ओळंबा ताणून धरत नाहीत: पिलाटीस, कोअर आणि माझी कंबर

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर रात्रीची भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे तुमचं स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी इथे वाचताय त्यांच्यासाठी, बोललो तसंच जवळपास उतरवलंय, फक्त माझे 'अं... अं...' तेवढे काढून टाकलेत.

सुरुवातीला एक काम करा. आत्ता जसे आहात तसेच थांबा, हलू नका. मान कुठे आहे? फोनकडे झुकलीय? पोक काढलंय? एकाच पायावर सगळा भार टाकून उभे आहात?

आणि मी हे विचारल्याबरोबर तुम्ही ताठ झालात, खांदे मागे नेलेत, पोट आत ओढलंत. हो की नाही? आजचा विषय नेमका तोच आहे. कारण हे जे तुम्ही आत्ता घाईघाईने केलंत, ते मी सलग तीन आठवडे दिवसभर करत होतो, आणि माझी कंबर सुधारायच्या ऐवजी आणखी बिघडली.

तर गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

मी पुण्यात आयटीत आहे, हे तुम्हाला माहितीच आहे. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी जमिनीवर पडलेला चार्जर उचलायला वाकलो आणि कमरेत उसण भरली. सिलिंडर उचलताना नाही, पाण्याची टाकी सरकवताना नाही. चार्जर! अर्धा वाकलेला तसाच भिंत धरून उभा राहिलो. रूममेटने आधी हसून घेतलं आणि मग माझा चेहरा बघून रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी नीट तपासलं. पायात मुंग्या नाहीत, पायाची ताकद गेलेली नाही, लघवी-संडासवरचा ताबा ठीक. म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. झोपून राहू नका, जमेल तेवढं चालत राहा." दहा-बारा दिवसांत दुखणं उतरलं.

भीती मात्र उतरली नाही. मी वाकायलाच घाबरायला लागलो. मोजे पलंगावर बसून घालायचे, खाली पडलेला पेन तसाच राहू द्यायचा, ऑफिसात कुणी म्हणालं "जरा तो मॉनिटर उचल रे" की मला अचानक फोन यायचा.

माझी एक भाची आहे, ताईची मुलगी, चार वर्षांची. दर रविवारी तिचा एकच हट्ट, "मामा, घोडा घोडा!" मी म्हणायचो, "मामाची कंबर दुखते गं बाळा." दुखत नसायची. मी सरळ खोटं बोलत होतो. एक रविवार, दोन रविवार, आणि तिसऱ्या रविवारी तिने विचारलंच नाही. सरळ आजोबांकडे गेली, आणि आमचे अण्णा बासष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर बसून घोडा झाले. मी सोफ्यावर बसून बघत होतो, वय वर्षं अठ्ठावीस. ते मला लागलं, खरं सांगतो.

मग आपण इंजिनीअर लोक जे करतो ते केलं. प्रॉब्लेम सर्च केला. उत्तर एकच, 'कोअर वीक आहे'. झालं! क्रंचेस, प्लँक आणि दिवसभर पोट आत घट्ट धरून बसायचं. मीटिंगमध्ये घट्ट, बाइकवर घट्ट, जेवतानासुद्धा घट्ट. तीन आठवड्यांनी कंबर संध्याकाळपर्यंत लाकडासारखी व्हायला लागली आणि वरून मानही धरली.

तेव्हा एका मित्राच्या बायकोने पिलाटीसचा क्लास सुचवला. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला, सांगू? हा तर बायकांचा व्यायाम. इन्स्टाग्रामवर नट्या त्या स्प्रिंगवाल्या मशीनवर करतात तो. पहिल्या दिवशी क्लासमध्ये आम्ही अकरा जण होतो, त्यात मी एकटा पुरुष. एका काकूंनी मला विचारलं, "मुलीला सोडायला आलात का?"

पण हा व्यायाम ज्याने काढला त्याची गोष्ट ऐका. जोसेफ पिलाटीस, जन्म १८८३, जर्मनीत. लहानपणी अशक्त पोर, दमा आणि मुडदूस दोन्ही. त्यातून उठून तो जिम्नॅस्टिक्स आणि बॉक्सिंगपर्यंत पोहोचला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो इंग्लंडमध्ये होता, आणि जर्मन नागरिक म्हणून त्याला छावणीत डांबून ठेवलं. आधी लँकेस्टर, मग आयल ऑफ मॅन या बेटावर. तिथे तो बाकीच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. आजारी लोकांसाठी खाटेला स्प्रिंगा बांधून त्याने उपकरणं बनवली, असंही सांगतात. १९२६ साली तो अमेरिकेला गेला आणि क्लारासोबत न्यूयॉर्कच्या एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर स्टुडिओ काढला. जॉर्ज बॅलन्शीन, मार्था ग्रॅहॅम यांच्यासारखी नृत्यातली मोठी माणसं आपल्या नर्तकांना त्याच्याकडे पाठवायची.

आणि तो स्वतः याला पिलाटीस म्हणतच नव्हता! त्याने नाव दिलं होतं 'कॉन्ट्रॉलॉजी'. म्हणजे ताब्याचं शास्त्र. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत. ना वजनं, ना मशीन. म्हणजे महागडा क्लास परवडत नसेल तरी मूळ गोष्ट घरच्या सतरंजीवर होते.

आता माझ्या पहिल्या क्लासमध्ये परत येऊ. मॅडमनी मला पाठीवर झोपवलं, गुडघे वाकवलेले. मी लगेच पोट घट्ट केलं, शहाण्या मुलासारखं. त्या मिनिटभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "श्वास कुठे आहे तुमचा? तुम्ही तर श्वासच घेत नाही आहात!"

मी खरंच घेत नव्हतो. छातीच्या वरच्या वर थोडा थोडा चालला होता.

इथे जरा अ‍ॅनाटॉमी, पण घाबरू नका, दोन मिनिटांत संपवतो. कोअर म्हणजे पोटावरच्या सिक्स-पॅकच्या वड्या असं आपल्याला वाटतं. ती झाली फक्त पुढची बाजू. खरा कोअर म्हणजे एक डबा समजा, झाकण-बूड सगळं असलेला. झाकण म्हणजे डायफ्रॅम, फुफ्फुसांच्या खालचा श्वासाचा पडदा. बूड म्हणजे पेल्व्हिक फ्लोअर, ओटीपोटाला खालून झेलणारे स्नायू. भोवतीची भिंत म्हणजे ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डोमिनिस, पोटाचा सगळ्यात आतला स्नायू, कमरेला पट्ट्यासारखा वेढलेला. आणि मागे मणक्यांना चिकटलेले छोटे छोटे मल्टिफिडस.

आता बघा, डब्याचं झाकण म्हणजेच श्वासाचा पडदा. तो श्वासाबरोबर खाली-वर व्हायला हवा. तुम्ही पोट दिवसभर आवळून धरलंत तर तो खाली यायचा कसा? मग शरीर छाती आणि मानेने श्वास ओढायला लागतं. माझी मान का धरली होती, ते मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक गोष्ट, जी माझ्यातल्या डेव्हलपरला फार आवडली. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना सांगितलं, हात झटकन उचला. आणि कुठला स्नायू कधी सुरू होतो ते मोजलं. कंबर न दुखणाऱ्यांमध्ये हात उचलणारा स्नायू सुरू होण्याच्या आधीच पोटाचा तो आतला पट्टा सुरू झालेला असायचा. हात हलायच्या आधी धड तयार! आणि कंबरदुखी असलेल्यांमध्ये? तो उशिरा यायचा. म्हणजे आपल्या भाषेत, लेटन्सी.

कळलं का? प्रश्न फक्त ताकदीचा नाही, वेळेचाही आहे. मी काय करत होतो? सर्व्हर वेळेवर जागा होत नाही म्हणून तो चोवीस तास शंभर टक्के लोडवर चालवत होतो.

अर्थात हेही सांगायला हवं की पुढे यावर बरेच वाद झाले. हा उशीर दुखण्यामुळे होतो की उशिरामुळे दुखतं? आणि एकच स्नायू सुटा काढून त्याचा व्यायाम करण्यात अर्थ आहे का? संशोधकांचं यावर एकमत नाही. त्यामुळे कुणी तुम्हाला "हा एक स्नायू पकडा, कंबर बरी" असं विकायला लागलं, तर जरा सांभाळून.

आता अलाइनमेंट. इथे आमचे अण्णा येतात.

अण्णा आयुष्यभर गवंडीकाम करत आले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात त्यांनी बांधलेली घरं आजही उभी आहेत. एका रविवारी मी हॉलमध्ये आरशापुढे उभा होतो. क्लासमध्ये सांगितलेलं आठवत होतो, की बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कमरेचा सांधा, गुडघा आणि घोटा साधारण एका उभ्या रेषेत यावेत. मी सगळं ओढून-ताणून रेषेत आणत होतो. छाती पुढे, खांदे मागे, हनुवटी आत.

अण्णा पेपर वाचत होते. म्हणाले, "काय चाललंय रे?"

मी म्हणालो, "अण्णा, शरीर ओळंब्यात आणतोय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "अरे, ओळंबा कधी ताणून धरतात का? तो सोडून द्यायचा असतो. हलायचा थांबला की मग बघायचं, भिंत कुठं बाहेर गेलीय ते."

ज्यांना ओळंबा माहीत नाही त्यांच्यासाठी, दोरीला खाली वजन बांधलेलं असतं, गवंडी ते भिंतीशेजारी लोंबतं सोडतात आणि भिंत सरळ आहे का ते बघतात. भिंत ओळंब्यात असली की वरच्या विटेचं वजन खालच्या विटेवर सरळ उतरतं. भिंत कलली की कुठेतरी तिला टेकू द्यावा लागतो. शरीराचंही तसंच. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते धडाच्या वर असलं तर हाडं भार घेतात. पुढे लोंबकळलं तर मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंना दिवसभर दोर ओढून धरावा लागतो. पण म्हणून उलट्या बाजूने दोर ओढला तर? तोही स्नायूंचाच खर्च. मी तेच करत होतो.

त्या दिवसापासून मी 'ताठ' हा शब्द सोडला. आता उभा राहिलो की आधी श्वास सोडतो, खांदे पडू देतो, दोन्ही तळव्यांवर सारखा भार आहे का ते बघतो, आणि टाळूतून कुणीतरी अलगद वर उचलतंय असं समजतो. बस.

चला, आता प्रत्यक्ष करू या. चार गोष्टी. चालत्या बसमध्ये नको, घरी जाऊन करा. आणि आधीच सांगतो, पायात बधिरपणा असेल, पायातली ताकद कमी वाटत असेल, लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल किंवा सोबत ताप असेल, तर आधी डॉक्टर. पॉडकास्ट नंतर. गरोदर असाल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तरीही आधी विचारून घ्या.

पहिली गोष्ट, पाणसळ. सतरंजीवर पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पावलं जमिनीवर, दोन पावलांत वीतभर अंतर. तळहातांचे मनगटाकडचे भाग कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर ठेवा, पँटचा पट्टा जिथे अडकतो तिथे. बोटांची टोकं खाली ओटीपोटाच्या शेवटी मध्यभागी जे हाड लागतं तिथे. हा झाला त्रिकोण. आता कंबर हळूच जमिनीला टेकवा, त्रिकोण तुमच्या डोक्याकडे कलेल. मग कंबर उचला, तो पायांकडे कलेल. असं चार-पाच वेळा करा आणि मधे थांबा, त्रिकोण सपाट असेल तिथे. कमरेखाली थोडी पोकळी राहील, राहू द्या. ती नैसर्गिक कमान आहे. यालाच न्यूट्रल म्हणतात.

गंमत म्हणजे खुद्द जोसेफ पिलाटीस पाठ सपाट करून चटईला टेकवायला सांगायचा. न्यूट्रल पाठीचा आग्रह नंतर आला, फिजिओथेरपीवाल्यांकडून. त्यामुळे दोन क्लासमध्ये दोन वेगळ्या सूचना मिळाल्या तर गोंधळू नका, ती दोन घराणी आहेत.

दुसरी गोष्ट, श्वास. तसेच झोपलेले राहा. हात फासळ्यांच्या दोन्ही बाजूंना. नाकाने श्वास घ्या, फासळ्या छत्रीसारख्या बाजूंना उघडू द्या. तोंडाने फुंकर घातल्यासारखा सोडा आणि सोडताना बेंबीखालचा भाग अलगद आत जाऊ द्या. किती जोर? दहापैकी दोन किंवा तीन. मी पहिल्या दिवशी नऊ लावला होता. त्या जोरात तुम्हाला बोलता यायला हवं. बोलता येत नसेल तर तुम्ही आवळताय. असे आठ-दहा श्वास.

तिसरी गोष्ट, माझी आवडती, कारण यात फोन लागतो. फोन बेंबीच्या खाली, ओटीपोटावर आडवा ठेवा. श्वास घ्या. सोडता सोडता एक पाऊल जमिनीवरून उचला, गुडघा वाकलेलाच, पोटरी जमिनीला समांतर येईपर्यंत. श्वास घेत खाली ठेवा. मग दुसरा पाय. अट एकच, फोन कलला नाही पाहिजे. फोनमध्ये लेव्हलचं अ‍ॅप असेल तर लावूनच बघा. माझा फोन पहिल्या दिवशी सरळ सतरंजीवर घसरला. एक पाय उचलण्याएवढी साधी गोष्ट, आणि माझी सगळी कंबर त्या बाजूला लवंडत होती! मग विचार करा, चालताना, जिने चढताना, चार्जर उचलताना काय होत असेल. प्रत्येक बाजूला सहा वेळा, सावकाश. कंबर उचलली गेली तर पाय कमी उचला. पाय किती वर गेला याला मार्क नाहीत.

चौथी गोष्ट, घोडा. म्हणजे क्लासमध्ये त्याचं नाव वेगळं आहे, बर्ड-डॉग म्हणतात, पण आमच्या घरी घोडाच. हात खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघे नितंबांच्या खाली. पाठीवर आमटीची भरलेली वाटी ठेवलीय असं समजा. श्वास सोडताना उजवा पाय मागे सरकवत लांब करा, मग उचला. जमलं तर डावा हातही पुढे. एक श्वास थांबा, परत या, बाजू बदला. आमटी सांडली नाही पाहिजे. आधी फक्त पाय करा, हाताची घाई नको. मनगट दुखत असेल तर मुठीवर टेका.

एवढंच. दहा ते बारा मिनिटं. मी आठवड्यातून चार दिवस करत होतो. पिलाटीसमधला तो सगळ्यात प्रसिद्ध व्यायाम, 'हंड्रेड', ज्यात डोकं आणि पाय उचलून हात शंभर वेळा खालीवर करतात, पाच मोजेपर्यंत श्वास आत आणि पाच मोजेपर्यंत बाहेर, तो पहिल्या दिवशी करू नका. रील बघून सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि मान धरून बसतात. आधी फोन स्थिर राहू दे.

आता तुम्ही विचाराल, याने कंबरदुखी जातेच का? प्रामाणिक उत्तर देतो. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने पिलाटीस आणि कंबरदुखीवरचे १० प्रयोग एकत्र तपासले. काहीच विशेष न करणाऱ्यांपेक्षा पिलाटीस करणाऱ्यांचं दुखणं कमी झालेलं दिसलं, पण पुरावा फार भक्कम नाही. आणि इतर व्यायामांपेक्षा हा सरस आहे, असं ठामपणे म्हणता आलं नाही. म्हणजे पोहणं, चालणं, योगासनं, जे तुम्ही नेमाने कराल ते चांगलं. जादू कशातच नाही. आणि एकच 'परफेक्ट' बसणं असंही काही नसतं. कितीही सरळ बसलात तरी सलग चार तास नका बसू, उठा, पाणी भरून आणा.

मग मला यातून काय मिळालं? ताकद थोडी मिळाली असेल. पण खरं मिळालं ते हे, की मी पुन्हा रोज, थोडं थोडं, ठरवून हलायला लागलो. पाय उचलला, काही झालं नाही. वाकलो, काही झालं नाही. असं करत करत शरीरावरचा विश्वास परत आला. माझ्या कंबरेला टेकूपेक्षा याचीच जास्त गरज होती.

साधारण दोन महिन्यांनी, एका रविवारी मी हॉलमध्ये चौथा व्यायाम करत होतो. हात खाली, गुडघे खाली, पाठ सपाट, आमटीची वाटी वगैरे. मागून पावलं वाजली. आणि काही विचारायच्या आधीच भाची पाठीवर चढून बसली.

मी एक क्षण गारठलो. मग श्वास सोडला. कमरेत काही झालं नाही. पाठ स्थिर. मी तसाच थांबलो, मनातल्या मनात पाणसळ बघत, फार अभिमानाने.

तेवढ्यात वरून आवाज आला, "मामा, हा घोडा हलतच नाहीये!"

सोफ्यावरून अण्णा म्हणाले, "ओळंबा बघून झाला असेल तर आता चाल की!"

आणि मी चाललो. हॉलच्या तीन फेऱ्या.

तर मंडळी, आज रात्री झोपायच्या आधी फोन चार्जिंगला लावण्यापूर्वी तो एकदा पोटावर ठेवून बघा आणि मला सांगा, कुठल्या बाजूला कलला ते. घरात कुणाला उसण भरली असेल, आई असेल, बाबा असतील, तर त्यांना हा एपिसोड पाठवा, आणि नुसता पाठवू नका, शेजारी सतरंजी टाकून त्यांच्याबरोबर करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत सांभाळून राहा, आणि हो, श्वास घ्यायला विसरू नका!